पाच माणसं, अडीच तिकीट

प्रश्न :

ताई, नमस्कार. मी चिपळूणचा. बाजारपेठेत माझं वह्या-पुस्तकांचं आणि शाळेच्या सामानाचं दुकान आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात पाणी पोटमाळ्याला लागलं. शाळेच्या सीझनचा माल भरलेला होता, त्याचा लगदा फावड्याने बाहेर काढला. दुकान परत उभं करायला काढलेलं कर्ज अजून फेडतो आहे. आज बँकेचे 4,80,000 बाकी आहेत, साडेअकरा टक्क्यांनी. हप्ता 12,400, दर महिन्याच्या पाच तारखेला. बायकोच्या पाटल्या आणि हार तारण ठेवून 1,50,000 घेतलेत, दहा टक्क्यांनी. दरवर्षी व्याज भरून ते नवं करून घेतो. क्रेडिट कार्डाचे 42,000 आहेत, त्याला महिन्याला 2,100 किमान रक्कम भरतो. आणि आमच्याच आळीतल्या मित्राचे 60,000 आहेत. ऑगस्ट 2021 मध्ये, मी चिखल उपसत असताना, त्याने ते दुकानात आणून दिले. कागद नाही, व्याज नाही, आणि आजवर एकदाही मागितलेले नाहीत.

दुकानाचा सगळा खर्च जाऊन महिन्याला 45,000 च्या आसपास हातात येतात. घरखर्च 24,000. बँकेचा एकही हप्ता चुकलेला नाही.

घरात पाच माणसं. आई 76 वर्षांची, मुलीने नुकतीच दहावीची परीक्षा दिली, मुलगा आठ वर्षांचा. पुरानंतर आम्ही कुठेही गेलेलो नाही. या मे महिन्यात पुण्याचे मेहुणे आठ दिवस हिमाचलला निघालेत आणि आम्हाला चला म्हणतात. आमच्या पाच जणांचे 1,12,000 होतात. ट्रॅव्हलवाले म्हणतात, बारा हप्त्यांत द्या, व्याज नाही. बायकोने बचत गटातून आणि घरखर्चातून मागे टाकून 38,000 जमवलेत. ती म्हणते, हे घाला आणि उरलेलं हप्त्यांनी देऊ.

मला झोप लागत नाही. डिसेंबरात शाळेची सहल होती, मुलगी गेली नाही. पोटात दुखतंय म्हणाली. नंतर कळलं की तिने बाईंना आठवडाभर आधीच नाही म्हणून सांगितलं होतं. मला विचारलंसुद्धा नाही. कर्ज डोक्यावर असताना फिरायला जावं का? आळीत लोक काय म्हणतील?

– एक वाचक, चिपळूण

उत्तर :

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मुलीच्या त्या ओळीपाशी थांबले. तिच्याकडे मी येणार आहेच, पण उत्तरासाठी तुम्हाला ताटकळत ठेवत नाही. जा. पण हिमाचलला जाऊ नका, चार दिवस मालवणला जा. आणि निघायच्या आधी त्या मित्राच्या घरी जाऊन या.

हिमाचलचं आधी संपवू. बँकेचा हप्ता 12,400, सोन्याच्या व्याजासाठी महिन्याला बाजूला काढायचे 1,250, कार्डाचे 2,100, मिळून 15,750. त्यात घरखर्चाचे 24,000 घातले की 45,000 मधले उरतात 5,250. तेही ज्या महिन्यात कुणी आजारी पडत नाही, कुणाचं लग्न निघत नाही, त्या महिन्यात. पूर्ण 1,12,000 हप्त्यांवर घेतले तर महिन्याला 9,333 हवेत. बायको म्हणते तसे 38,000 आधी भरले तरी उरलेल्या 74,000 चा हप्ता 6,167 होतो. तुमच्या हातात 5,250 आहेत. दुसऱ्याच महिन्यात ही तूट कार्डावर जाईल आणि मनालीचा बर्फ तुम्ही पुढची दोन-तीन वर्षं कार्डाच्या व्याजाने फेडत बसाल. 'व्याज नाही' म्हणतात त्यावरही जाऊ नका. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्ये बँकांना बजावलं होतं. ते पैसे प्रोसेसिंग फीमध्ये असतात किंवा तुम्हाला न मिळालेल्या सवलतीत असतात.

मेहुण्यांना हे आकडे सांगायची गरज नाही. पण खोटं कारणही देऊ नका. 'या वर्षी जमत नाही, दुकानाचे हप्ते चालू आहेत' एवढं बायकोने भावाला सरळ सांगावं. तिने सांगितलेलं त्यांना लागणार नाही, तुम्ही सांगितलंत तर लागेल.

आता मित्र. मला मुख्य बोलायचंय ते यावरच.

एका पतसंस्थेच्या कर्जखात्यावर मी एकतीस वर्षं काम केलं. थकबाकीदार पाहिले, जामीनदार पाहिले, नवऱ्याच्या कर्जाची नोटीस हातात घेऊन आलेल्या आणि त्या दिवशीच ते कर्ज पहिल्यांदा कळलेल्या बायका पाहिल्या. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. कर्ज आहे म्हणजे सगळं एकच असं माणसं धरून चालतात. तुमच्या पत्रातही चार कर्जं ओळीने लिहिलीत, जशी एका वहीतली चार खाती. पण बँकेशी तुमचा करार आहे. पाच तारखेला 12,400 पोहोचले की त्या महिन्याचं तुमचं बँकेशी देणं-घेणं संपलं. सहा तारखेला तुम्ही मालवणला आहात की दुकानात, हे विचारायचा तिला हक्कही नाही आणि कारणही नाही. जो हप्ता ठरला तो चुकवलेला नसताना तुम्ही बँकेपुढे मान खाली घालून चार वर्षं जगलात. ते ओझं उतरवा.

मित्राशी करार नाही. किती द्यायचे, कधी द्यायचे, काहीच ठरलेलं नाही. म्हणून तुम्ही खर्च केलेला प्रत्येक रुपया त्याच्या नजरेत त्याचा असू शकतो. त्याने मागितले नाहीत याचा अर्थ त्याला आठवत नाही असा मुळीच नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. 1994 साली आमच्या ह्यांनी रत्नागिरीजवळ आंब्याची चाळीस कलमं कराराने घेतली होती. मोहोर भरून आला होता. फेब्रुवारीत हवा ढगाळ झाली, तुडतुडा पडला आणि मोहोर काळा पडून गळाला. करारातले 8,000 रुपये ह्यांच्या एका मित्राकडून उसने आणलेले होते. तेही असेच, कागदाशिवाय. त्या दिवाळीत मला बोनस मिळाला. मुलं लहान होती, वर्षभर त्यांनी घरात फक्त आंब्याचं रडगाणं ऐकलं होतं, म्हणून आम्ही चार दिवस कोल्हापूरला गेलो. अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा. राहिलो नात्यातल्या घरी, खर्च सगळा मिळून 1,100 रुपये. रत्नागिरीच्या स्टँडवर पिशव्या घेऊन उभे होतो तेव्हा तो मित्र समोरून आला. धाकट्याच्या गालाला हात लावला, 'मजा करा' म्हणाला आणि गेला.

तो परत आमच्या घरी आला नाही. दोन वर्षांत आम्ही पैन् पै फेडली. त्याने दारातच पैसे घेतले, मोजले, चहाला थांबला नाही. बोनस माझा होता. त्या 1,100 मध्ये त्याचा एक रुपया नव्हता. पण हे त्याला कळायचं कसं? आम्ही सांगितलंच नव्हतं. सहलीच्या आदल्या दिवशी हे त्याच्या घरी जाऊन 'तुझे 8,000 डोक्यात आहेत, हे 500 आत्ता घे, बाकीचे या-या महिन्यांत देतो, आणि मुलांना घेऊन चार दिवस कोल्हापूरला जातोय' असं बोलले असते तर काय झालं असतं, हा विचार मी अजून करते. ह्यांना तर त्यांच्या शेवटापर्यंत ते टोचलं.

म्हणून तुम्ही मित्राकडे जा. 38,000 मधले 18,000 घेऊन जा. दुकानात नको, घरी जा, आणि बायकोला बरोबर न्या. उरलेल्या 42,000 चा महिन्याला 2,000 असा हिशेब सांगा, एकवीस महिने. आणि कागद लिहून द्या. तो नको म्हणेल, तरी द्या. उसन्या पैशांचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. ऑगस्ट 2021 पासून तीन वर्षं कधीच उलटून गेली. म्हणजे उद्या तुम्ही हात वर केलेत तर तुमच्या मित्राला कोर्टाचा रस्ताही जवळपास बंद आहे, आणि बहुधा त्याला हे ठाऊकही नाही. मुदत गेलेल्या देण्याचंसुद्धा सही करून लिहून दिलेलं वचन कायदा मानतो. ते त्याच्या हातात ठेवा. मुदत गेल्यानंतर, कुणी मागितलेलं नसताना तुम्ही कागद देताय, हे त्याला जेव्हा कळेल तेव्हा कळेल. स्टॅम्प वगैरे काय लागेल ते एखाद्या वकिलाला विचारून घ्या, फार खर्च नाही त्याला. आणि त्याच बैठकीत सांगून टाका की एवढ्या एवढ्या तारखेला आम्ही मालवणला जातोय.

आता दरमहा 2,000 आणायचे कुठून? कार्डातून. बहुतेक कार्डांवर थकलेल्या रकमेला महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, तुमच्या बिलावर नेमका दर छापलेला असेल. 42,000 वर ते होतं 1,470. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, साधारण 265. तुम्ही भरता 2,100. म्हणजे मुद्दल महिन्याला 365 रुपयांनी उतरतंय. घरातल्या चारही कर्जांत हे सगळ्यात वाईट, आणि सगळ्यात लहान असल्याने तुमचं त्याकडे लक्ष नाही.

सोन्याचा भाव 2021 च्या दुपटीहून वर गेलाय. तारण तेच ठेवून, या वेळी नवं करताना त्यावर आणखी 42,000 मिळायला अडचण येऊ नये. दहा टक्क्यांनी त्याचं व्याज महिन्याला 350 होतं. कार्ड पूर्ण भरून टाका आणि बंद करायचा अर्ज लेखी द्या. बाकी शून्य असेल तर अर्जानंतर कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद करणं बँकेला बंधनकारक आहे. 2,100 जाऊन 350 आले, 1,750 सुटले, त्यात अडीचशे घातले की मित्राचा हप्ता झाला. तुमच्या महिन्याच्या गणितात जवळपास फरक पडत नाही.

पण यात दोन गोष्टी जिवाला लावून घ्या. 42,000 च्या वर एक रुपया काढायचा नाही, मोह झाला तरी. तारणाची मुदत चुकली तर पाटल्या लिलावात जातात, ही भीती खरी आहे. आणि दुसरं, पाटल्या तिच्या आहेत. तुम्ही पत्रात 'तारण ठेवून' असं सहज लिहून गेलात. हा निर्णय तिला विचारून नाही, तिने घ्यायचा आहे. ती नको म्हणाली तर 38,000 मधून सहल आणि मित्राचे पैसे वजा करून जे उरेल ते कार्डात भरा आणि मित्राला महिन्याला थोडे कमी द्या. तोही रस्ता आहे, जरा लांबचा आहे एवढंच.

हां, आता मालवण. मालवणच का म्हणाल, तर गुहागर तुमच्या मुलांनी पाहिलेलं असणार, दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. तुमच्या मुलीला कुठेतरी मुक्कामाला जायचंय. सकाळी उठल्यावर दुसरंच छप्पर दिसावं, असं.

एसटीने जा. आई पंचाहत्तरच्या वर आहेत, त्यांना एसटीत तिकीट नाही. बायकोला आणि मुलीला अर्धं. मुलगा आठचा, त्यालाही अर्धं. तुमचं एकट्याचं पूर्ण. पाच माणसं, अडीच तिकीट. आईंच्या वयाचा पुरावा तेवढा पिशवीत वरच ठेवा. कणकवलीला बदलून गेलात तर जाऊन-येऊन 2,000 धरा. कोकण रेल्वेने कुडाळपर्यंत जाऊन पुढे एसटी हाही मार्ग आहे, पण मे महिन्यात चाकरमान्यांनी गाड्या भरलेल्या असतात आणि आईंना उभं राहून जमायचं नाही.

शनिवार-रविवार टाळा. शाळांच्या परीक्षा संपल्या की मेच्या पहिल्या पंधरवड्यातला एखादा सोमवार ते गुरुवार धरा. त्याच्यापुढे ढकलू नका. एक तर तुमचा जूनचा माल मेच्या मध्यापासून यायला लागेल, तेव्हा दुकान बंद ठेवणं म्हणजे वर्षाची कमाई सोडणं. दुसरं, मेच्या अखेरीस किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यासाठी बंद होतात. आणि पाच तारीख सहलीत येत असेल तर चार तारखेलाच खात्यात 12,400 असल्याची खात्री करून निघा. एवढी वर्षं न चुकलेला हप्ता समुद्रावर बसून चुकायला नको.

घरगुती राहण्याची सोय मालवणात भरपूर आहे. आठवड्याच्या मधल्या दिवसांत एक मोठी खोली आणि दोन जादा गाद्या मागा, घासाघीस करा, 1,800 च्या आत बसेल. तीन रात्रींचे 5,400. पहिल्या दिवसाचा डबा घरून न्या. पुढे खाण्याचे 5,000, एक वेळ मासळीचं ताट आणि एक वेळ साधं. होडी, रिक्षा, मुलांचं कोकम सरबत, येताना खाजा, हे सगळं 1,600 मध्ये. बेरीज 14,000. मित्राचे 18,000 आणि हे 14,000 गेले की 6,000 राहतात. कार्ड सोन्यातून भरलं असेल तर त्यांना हात लावू नका. पुढे आगोट आहे. तांदूळ, सुकी मासळी, तिखट, आईंची औषधं, सगळं पावसाआधी भरायचंच असतं.

सिंधुदुर्गावर मुलांना न्याच. 1664 साली महाराजांनी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधविहीर, दहीविहीर, साखरविहीर अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. तटावर चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे जपून ठेवलेत. आठ वर्षांचा मुलगा त्या ठशाकडे बघून स्वतःचा तळवा उघडून बघतो, हे मी माझ्या नातवाच्या बाबतीत पाहिलंय. आईंना होडीत चढता-उतरता येईल का हे आधी होडीवाल्याला विचारा. नसेल जमत तर बायको आणि त्या जेटीवर सावलीत बसू देत, नंतर पाळी बदला.

आणि एका सकाळी लवकर चिवला किनाऱ्यावर जा. रापण ओढत असतील तर बघा. भलंमोठं जाळं समुद्रात अर्धगोल टाकलेलं असतं आणि दोन्ही टोकांचे दोर माणसं किनाऱ्यावरून ओढत आणतात. मुलं दोराला लागली तर सहसा कुणी हाकलत नाही. तासभर ओढल्यावर जाळ्यात काय येतं ते सगळ्यांना एकदमच कळतं. याला तिकीट नाही.

आळीतले लोक काय म्हणतील, हेही तुम्ही विचारलंत. म्हणतील. गणपतीला कर्ज काढून मखर केलं तर कुणी काही म्हणत नाही. लग्नात पतसंस्थेचे दोन लाख उडवले तर 'हौस केली' म्हणतात. मी ती लग्नाची कर्जं सात-सात वर्षं वसूल केलीत. पण स्वतःच्या बचतीतून चार दिवस मुलांना समुद्रावर नेलं की 'देणी आहेत आणि फिरतायत' असं होतं. सगळा महाराष्ट्र आमच्या कोकणात सुट्टीला येतो, आम्ही त्यांना खोल्या देतो, जेवण घालतो, आणि आमच्यातल्या दुकानदाराने चार दिवस दुकान बंद ठेवलं की ते डोळ्यात येतं. मला याचा मनापासून राग येतो. आळीतल्या एकाच घराला तुमच्या सहलीबद्दल विचारायचा हक्क आहे आणि त्या घरी तुम्ही आधीच जाऊन आलेले असाल. बाकीच्यांचं तुम्ही काही देणं लागत नाही.

आता तुमची मुलगी. तुम्ही मुलांपासून कर्ज लपवलंत असं पत्रात कुठे लिहिलेलं नाही, पण मला ते दिसतंय. मुलांना आकडा माहीत नसतो, पण घरातली कुजबुज कळते. आकडा माहीत नसला की ती तो मनाने मोठा करतात. तुमच्या मुलीने काही ठरवलं आणि ते ठरवताना ती एकटी होती. सहलीचे किती होते? हजार, पंधराशे? तेवढे तुम्ही दिले असतेत, हे तिला माहीत नव्हतं. तिच्या लेखी घरात एक रुपयाही नाही.

एका संध्याकाळी दुकान लवकर बंद करा. वही घेऊन तिच्यासमोर बसा, बायकोही असू दे. 4,80,000 दाखवा. हे पुराचं, चार वर्षांत संपतंय, हे दाखवा. पाटल्यांची पावती दाखवा. मित्राचं दाखवा. कार्डाचं गणित तिलाच करायला द्या, दहावीला टक्केवारी झालेली आहे. मग 14,000 चा कागद तिच्या हातात द्या आणि मालवणचा खर्च तिला सांभाळू दे. होडीवाल्याशी, खोलीवाल्याशी तिला बोलू दे. तिला रडू आलं तर येऊ दे. आणि शाळेच्या सहलीचं तुम्ही काढू नका, ती बोलली तर ऐकून घ्या.

एक राहिलं. सोन्याच्या तारणाची मुदत कधी संपतेय ते तुम्ही लिहिलेलं नाही. आज घरी गेल्यावर आधी ती पावती काढून तारीख बघा. सहलीच्या आसपास असेल तर ते काम उरकून मगच खोली ठरवा.

प्रश्न :

काकू, माझ्या धाकट्या दिरांना आम्ही दोन वर्षांपूर्वी होडीच्या इंजिनासाठी 75,000 रुपये दिले. त्यातले एकदाही काही परत आले नाहीत. जानेवारीत ते बायको-मुलांना घेऊन केरळला गेले, फोनच्या स्टेटसवर रोज फोटो. मला बघवेना. सासूबाई म्हणतात, घरातलं घरातच राहू दे, बोलू नको. मी बोलू का?

– एक वाचक, देवगड

उत्तर :

तुमचा त्रास मला कळतो. वरचं पत्र वाचलंत तर कळेल की दुसऱ्या बाजूच्या माणसालाही झोप नसते. तुमच्या दिरांना ती नाही असं आपण धरून चालू नये.

बोला. पण केरळबद्दल एक अक्षर नको. केरळचा विषय निघाला की भांडण फोटोंवर जाईल, जावेपर्यंत जाईल, 75,000 बाजूलाच राहतील. आणि तुम्ही बोलू नका, तुमच्या यजमानांना बोलू द्या. भाऊ भावाशी बोलला तर सासूबाईंनाही आडवं यायला जागा नाही.

त्यांनी पैसे कधी देणार असं विचारू नये. 'देतो' एवढंच उत्तर येतं त्याला. हप्ता आणि महिना सांगून विचारावं. 1 जूनला मासेमारी बंद होते, होडी वर ओढली की त्यांच्या हातात पैसा नसतो, तेव्हा त्या दोन महिन्यांत मागून उपयोग नाही. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या की सप्टेंबरपासून महिन्याला 5,000, पंधरा महिने, असं काहीतरी समोर ठेवावं. त्यांना कमी जमत असेल तर कमी, पण आकडा ठरवूनच उठावं.

आणि कागद याच उन्हाळ्यात. पैसे देऊन दोन वर्षं झालीत म्हणता, तीन व्हायच्या आत त्यांची सही असलेली कबुली हातात असू द्या, म्हणजे मुदत त्या दिवसापासून नव्याने धरली जाते. पैसे तुम्ही बँकेतून पाठवले असतील तर ती नोंदही काढून ठेवा. भावाकडून सही घेणं जड वाटतं, मला माहीत आहे. यजमानांनी तेव्हा 'आपल्या दोघांच्या मुलांना पुढे प्रश्न पडायला नको' एवढंच म्हणावं, ते खरंही आहे.

तोवर त्यांचं स्टेटस बघणं बंद करा. फोनमध्ये तशी सोय असते, मुलांना विचारा. आणि कागदावर रक्कम अंकात आणि अक्षरात दोन्ही लिहून घ्या.